पेमेंट कंपनी निवडताना आधी खाते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा-महाविद्यालये, दवाखाने, डाळमिलवाले, रावेर-यावलचे केळी व्यापारी, सगळ्यांकडे सध्या ऑनलाइन पेमेंट जोडून देणारे प्रतिनिधी येत आहेत. बोलणी बहुतेक दरावरच होतात. पण पालकाने भरलेली फी संस्थेच्या खात्यात येण्याआधी कोणाच्या खात्यात थांबते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या खान्देशाला तरी त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ग्राहकाचे पैसे आधी स्वतःकडे घेऊन मग व्यापाऱ्याला देणारी कंपनी म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रीगेटर. ती बँक नसेल तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अर्ज करताना नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) किमान १५ कोटी रुपये असावे लागते, पुढे ते २५ कोटींवर न्यावे लागते. व्यापाऱ्यांचे पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे ठरलेल्या कामापुरत्याच वापरता येणाऱ्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. कंपनीचे भाडे-पगार त्यातून देता येत नाहीत. नुसती तांत्रिक जोडणी देणाऱ्या गेटवेला ही परवानगी लागत नाही, कारण तो पैशाला हात लावत नाही. फसगत होते ती इथेच. गेटवे म्हणवणारी एखादी मधली कंपनी पैसे स्वतःच्या चालू खात्यात घेते आणि मग पुढे पाठवते. ती बुडाली तर तुमची रक्कम तिच्या देण्यांत मिसळलेली असते.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पेमेंट अ‍ॅग्रीगेटरची यादी आहे. ब्रँडचे नाव आणि कंपनीचे नोंदणीकृत नाव पुष्कळदा वेगळे असते, म्हणून करारनाम्यावरचे नाव यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळवावे. ‘तत्त्वतः मंजुरी’ म्हणजे अंतिम परवानगी नव्हे. उद्यम नोंदणी किंवा आयएसओ प्रमाणपत्र दाखवून काही सिद्ध होत नाही.

कागद जुळले की दहा-दहा रुपयांचे दोन-तीन व्यवहार करून पाहावेत: एक यूपीआयने, एक डेबिट कार्डाने, एक क्रेडिट कार्डाने. रक्कम जमा झाली की बँकेच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचे नाव बघावे. तिथे यादीबाहेरच्या कंपनीचे किंवा कोण्या व्यक्तीचे नाव दिसले तर काम तिथेच थांबवावे. मग त्यातल्या एका व्यवहाराचे पैसे ग्राहकाला परत पाठवून पाहावेत. परतावा दिल्यावर आधी कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, आणि प्रवेश रद्द होण्याच्या दिवसांत महाविद्यालयाला ते जड जाते.

आता दर. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय आणि रुपे डेबिट व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून कापले जाणारे शुल्क, शून्य आहे. त्यावर कोणी टक्केवारी मागत असेल तर ती कोणत्या नावाखाली, हे लेखी घ्यावे. वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल तर इतर डेबिट कार्डांवर कमाल ०.९० टक्के, तेही एका व्यवहाराला १,००० रुपयांपर्यंतच. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. २० हजारांच्या फीवर २ टक्के म्हणजे ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२. संस्थेच्या हाती १९,५२८ येतात. साउंडबॉक्स आणि स्वाइप मशीनचे मासिक भाडे निराळे.

ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला यूपीआयची खातरजमा मिळालीच नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९ पासून आहे, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला तो क्वचितच कोणी सांगते आणि वाद दुकानातच पेटतो.

करारनाम्यातली दोन कलमे सही करण्याआधी नीट वाचावीत. एक, ‘संशयास्पद व्यवहार’ म्हणून रक्कम किती दिवस रोखून धरता येईल. मुदत लिहिलेली नसेल तर ती लिहून घ्यावी. दुसरे चार्जबॅकचे: ग्राहकाने कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली तर पुरावा किती दिवसांत द्यायचा. केळीच्या गाडीची बिल्टी आणि माल पोचल्याची सही जपून ठेवली नसेल तर माल खाल्ला जातो आणि पैसेही परत जातात.

सगळी वसुली एकाच कंपनीवर टाकू नये. २०२४ च्या सुरुवातीला पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिथेच खाते असलेल्या दुकानदारांना १५ मार्चपर्यंत दुसऱ्या बँकेत सोय करावी लागली. आपल्या नेहमीच्या बँकेचा एक क्यूआर गल्ल्यापाशी वेगळा लावून ठेवावा.

आपले,
व्यापारी व शिक्षणसंस्थांचे हिशेब पाहणारे, जळगाव