जोर परत येतो, बाबा

नागपूर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

व्यायामाचं नाव काढलं की बाबा, तुम्ही म्हणता, "जल्मभर वावरात राबलो, आता कायचा व्यायाम?" फोनवर हा विषय तिथंच थांबतो, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या कष्टाबद्दल वादच नाही. पण वावर मक्त्यानं दिल्यापासून अंगावरचा भार उतरला, आणि भार नसला की स्नायू झिजतात. एरवीही तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर जास्त वेगानं. खाली बसून उठताना तुम्ही हात टेकता, त्यात गुडघ्याइतकाच मांडीच्या गेलेल्या जोराचाही वाटा आहे. गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी, आणि चालणं कमी म्हणून मांडी आणखी बारीक.

आई, तुझं काम अजूनही सुटलेलं नाही. पण निंदण काय, वेचणी काय, सगळं वाकून. कंबर तेवढी शिणते, मांड्यांना आणि दंडांना वाढता भार मिळतच नाही. त्यात पाळी गेल्यावर हाडं लवकर विरळ होतात. हाडालाही भार लागतो, तेव्हाच ते टिकतं. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि माणूस बाजेला खिळलं, असं आपल्याच गावात आपण पाहिलं आहे.

वय झालं, आता काय उपयोग, असं म्हणू नका. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका संस्थेत नव्वदीच्या थकलेल्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाला. नव्वदीत! तुम्ही तर अजून सत्तरीतही नाही.

आणि मला खरी काळजी आहे ती मनाची. बाबा, तुम्ही पारावर जाणं सोडलं, बोलणं कमी केलं, रात्री जागे असता. २०१८ साली अशा ३३ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. वजनाच्या व्यायामानं उदासी कमी होते, असं त्यात दिसलं. काल न उचललेलं आज उचललं की माणसाचा स्वतःवरचा भरवसा परत येतो. तो तुमचा परत यावा, एवढंच मला हवं आहे.

करायचं फार नाही. बाज खचते, म्हणून पक्की खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर बांधून उठा, सावकाश बसा. दहा वेळा, दम घेऊन पुन्हा दहा. भिंतीला तळवे लावून दंड. दाराची चौकट धरून टाचा उचलणं. सोपं वाटू लागलं की थैलीत किलोभर डाळ भरून ती छातीशी धरून उठा-बसा, मग हळूहळू वजन वाढवा. गोऱ्ह्याला तुम्ही पहिल्याच दिवशी वखराला जुंपत नव्हता, तसंच हे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सुट्टी. उठताना श्वास रोखायचा नाही, त्यानं बीपी चढतं. दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखेल, ते चालतं. सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथंच थांबायचं.

आई, तू सगळ्यांच्या मागून जेवतेस आणि तळाचं पातळ वरण घेतेस. ते बंद कर. या वयात वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात. घट्ट वरण, दूध, भुईमुगाचे दाणे, अंडं, यातलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात हवंच.

सोमवारी आरोग्य केंद्रात जाऊन दोघांचं बीपी आणि आईची शुगर तपासून घ्या, आणि हा व्यायाम चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं की मंगळवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावते, पहिल्यांदा आपण तिघं मिळून करू. खुर्ची ओसरीत ठेवा, तिथं रेंज येते.

तुमची लेक