माथेरानच्या गाडीला आधी गटारे हवीत

संपादक महोदय,

माथेरानच्या गाडीचा विषय निघाला की बोलणे होते ते व्हिस्टाडोम, म्हणजे काचेच्या छताच्या, डब्याचे, नाहीतर डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा साज चढवण्याचे. हौसेला मोल नाही, पण ही गाडी जुनाट दिसते म्हणून कधी बंद पडलेली नाही. १९०७ सालच्या या मार्गाला २००५ मध्ये पावसाने झोपवले, २०१९ मध्येही पावसानेच. त्यानंतर पायथ्याच्या नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

दुखणे रुळांखाली आहे. डोंगरावरची लाल माती वाहून येते आणि खडीच्या फटींत बसते. मग पाणी निचरत नाही आणि रुळांखालचा आडवा स्लीपर एका बाजूने खचतो. इथे दोन रुळांत अंतर जेमतेम ६१० मिलिमीटर, ब्रॉडगेजला १६७६. म्हणजे एक रूळ दहा मिलिमीटर बसला, तर इथला डबा जवळपास पावणेतीन पट जास्त कलतो. त्यात वीसास एक असा चढ आणि नागमोडी वळणे. वळणावर बाहेरच्या चाकावरचा भार हलका झाला की चाकाची कड रुळावर चढते. डबा घसरलाच म्हणून समजा.

म्हणून मे संपण्याआधी डोंगराकडची गटारे उपसलीच पाहिजेत. उपसलेला गाळ रुळाच्या कडेला ढीग करून ठेवू नये, पहिल्याच सरीत तो परत खडीत जातो. रुळांखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्यांची तोंडे दगड-पाल्याने तुंबली की पाणी रुळांवरून वाहते आणि दरीकडचा भराव पोखरते. गॅबियन भिंती, म्हणजे तारेच्या जाळीत रचलेले दगड, इथे उत्तम, कारण पाणी त्यातून आरपार जाते. मात्र फटी मातीने बुजल्या तर तीच भिंत पाणी अडवून धरते. ओल्या पाल्यावर चाके घसरतात, तेव्हा इंजिनाच्या नळीतून रुळांवर वाळू सोडावी लागते. तीही कोरडीच हवी. दमट वाळू ऐन चढावर त्या नळीत अडकते.

रंगरंगोटीच्या निविदेआधी गटारे आणि मोऱ्यांच्या पाहणीचा किलोमीटरवार तक्ता दर ऑक्टोबरात नेरळ स्थानकात लावावा. आणि गाडी रद्द असेल तर ठाणे स्थानकातच उद्घोषणा व्हावी, कारण वाशी-नेरूळचे लोकही इथेच कर्जत लोकल धरतात. नेरळला उतरल्यावर कळले, तर टॅक्सीने दस्तुरी, म्हणजे वाहने जातात तिथली शेवटची हद्द, गाठून जवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानची शटल पकडण्यावाचून गत्यंतर नसते.

— काही रेल्वेप्रेमी, ठाणे