तान्ह्या पोळ्यातला हिटलर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तान्ह्या पोळ्याला आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. यंदा परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर मी होते. लाकडी नंदी ओढत शिवाजी महाराज आले, सावित्रीबाई आल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला कास्तकार आला. सातव्या क्रमांकावर दुसरीतला एक मुलगा आला. ओठावर काजळाची चौकोनी मिशी, दंडावर लाल पट्टी. पट्टीवरचा स्वस्तिक त्याच्या आजीने काढला होता, पूजेच्या पाटापुढे काढतात तसा, चार ठिपक्यांसकट. माईकवरून पुकारा झाला, ‘शिस्तीचा बादशहा हिटलर!’ पोराने हात ताठ वर केला, टाळ्या पडल्या. मी दहापैकी आठ गुण दिले. त्याचा दुसरा नंबर आला, कंपासपेटी मिळाली.

नंतर पोरे बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागत घरोघर फिरली. तोही नंदी घेऊन माझ्या दारी आला. मिशी घामाने पसरली होती. उंबरठ्याशी उभे राहून त्याने तोच हात मला वर करून दाखवला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

आमच्याकडे कडक मास्तराला हिटलर म्हणायची रीत आहे. ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मलाही मुले मागून तेच म्हणत आणि मला त्यात मान वाटायचा. दुसरे महायुद्ध मी दरवर्षी सनावळीसकट शिकवले. पण हिटलरच्या नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू मारले आणि त्यांत सुमारे १५ लाख मुले होती, हे वाक्य मी एकदाही फळ्यावर लिहिले नाही.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा टेरेझिन कळले. आजच्या झेक देशातल्या प्रागच्या उत्तरेचे तटबंदीचे जुने गाव, वस्ती सातेक हजारांची. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. सप्टेंबर १९४२ मध्ये त्या तटाच्या आत जवळपास ६० हजार माणसे होती. बरीच मुले आईबापांपासून वेगळी, मुलांसाठीच्या घरांत ठेवलेली, लाकडी फळ्यांच्या तीन थरांवर झोपणारी. शिकवायला बंदी होती, चित्र काढायला आणि गायला नव्हती. मग शिक्षक चोरून शिकवत. एक मूल दाराशी राखणीला. कोणी येताना दिसले की वर्ग गाणे म्हणू लागे.

तिथेही सण चुकले नाहीत. ज्यूंमध्ये झाडांचे नवे वर्ष पाळतात, तु बिश्वात. १९४३ साली इर्मा लाउशर या शिक्षिकेने तो मुलांसोबत गुपचूप साजरा केला. त्यासाठी मेपलचे एक रोप चोरून आत आणवले. मुलांनी ते लावले आणि आपल्या वाट्याच्या मोजक्या पाण्यातून त्याला पाणी घातले. मे महिन्यात गुंडभर पाण्यासाठी हापशीवर उभ्या राहिलेल्या आमच्या बायांना हे पाणी किती, ते बरोबर कळेल. आणि हा सण मराठीला परकाही नाही. कोकणातले बेने इस्राएल, आपलेच मराठी बोलणारे ज्यू, याच सणाला अलिबागजवळच्या खंडाळ्याला जमतात आणि पोहे, नारळ, गोडाचा मलिदा करतात.

मी त्या पोराला ओट्यावर बसवले, हातावर बोजारा ठेवला आणि एवढी झाडाचीच गोष्ट सांगितली. त्याने विचारले, ‘‘मंग थे झाड जगलं का, मॅडम?’’

‘‘जगलं. मोठं झालं.’’

‘‘अन् पोट्टे?’’

मी त्याला उत्तर दिले नाही. तुमच्या वाचकांना देते, ते मोठे आहेत. टेरेझिनमधून सुमारे ८८ हजार माणसे पुढे मृत्युछावण्यांकडे पाठवली गेली. त्यांत हजारो मुले होती, फार थोडी परतली. इर्माबाई वाचल्या. चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस वाचल्या नाहीत. त्यांना ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत मारले. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे, असा त्यांचा आग्रह असे. जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. फुलपाखरे, घरे, सणाची पंगत, आणि कोपऱ्यात नाव.

त्या पोराचा यात काही दोष नाही, त्याच्या घरच्यांचाही नाही. त्यांना मी सांगायला हवे होते, माझ्यासारख्या शिक्षकांनी सांगायला हवे होते. ठिकठिकाणच्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे की वेशभूषेत हे पात्र ठेवू नका, आणि कोणी आणलेच तर मुलाला न रागावता आईबापांशी बोला. तुम्हाला विनंती ही की आपल्या बालपानावर टेरेझिनच्या मुलांची चित्रे एकदा छापा, त्यांच्या नावांसकट. अंक हाती आला की कात्रण मी पाराजवळच्या फळ्यावर लावीन. त्याच्या आजीला वाचता येत नाही, तिला मी घरी जाऊन वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. आर्वी, जि. वर्धा