विस्मरणाचे खापर वयावर नको

महोदय,

सत्तरीतले माणूस गॅसवर दूध ठेवून विसरले, तेच तेच विचारू लागले की ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. यातल्या काहींना खरे तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते हे त्याचे नैसर्गिक स्रोत. त्यामुळे शाकाहारी घरात सारी भिस्त दुधावर. त्यात उतारवयात दुधातली साखर पचेनाशी झाली, पोट फुगू लागले की तेही बंद. मग उरते पाणीदार ताक, त्यात बी-१२ कितीसे असणार! (घट्ट दही मात्र अशा अनेकांना सोसते.) स्पिरुलिना या शेवाळाच्या महागड्या गोळ्यांचाही उपयोग नाही; त्यातला बराचसा बी-१२ शरीराला वापरताच येत नाही.

भरीस भर औषधांची. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन बी-१२चे शोषण घटवते, रोजची अ‍ॅसिडिटीची गोळीही तेच करू शकते. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही बी-१२अभावी मज्जातंतूंना इजा होत राहू शकते: तळपायांना मुंग्या, चालताना झोक जाणे, विस्मरण. लवकर उपचार झाले तर सुधारणा होते. उशीर झाला तर काही इजा कायमची राहते. अल्झायमरवर हा उतारा नव्हे, हेही खरेच.

ज्येष्ठांच्या शिबिरांत साखर, रक्तदाब तपासतात. निदान मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारींसाठी तरी आयोजकांनी बी-१२ची चाचणी त्यात घालावी.

– एक वाचक, पुणे