भाऊ कुलगुरू झाला, आता तूच त्याच्याशी बोल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बंड्या,

हे फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो. भाऊच्या नेमणुकीचं पत्र निघालं. ग्रुपवर हार, फेटे, पेढे सगळं येऊन गेलं, तुझा अंगठाही पाहिला. आनंद झालाच. शोध समितीने निदान पाच नावं काढायची आणि राज्यपालांनी त्यातून एक निवडायचं, एवढ्या चाळणीतून आपला भाऊ निघाला म्हणजे गंमत नाही. पण परवा तो मला म्हणाला, "सकाळी आठ ते दहा लॅब, मग ऑफिस." तेव्हापासून चैन नाही. बाकीच्यांना हे वाक्य कौतुकाचं वाटतं. पोटात गोळा का येतो, ते तुलाच कळेल.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे.

आधी वयाचा हिशेब बघ. भाऊला अठ्ठावन्नावं लागलंय. कुलगुरूपद पाच वर्षांचं किंवा पासष्टीपर्यंत, जे आधी येईल ते, म्हणजे त्याला पाच वर्षं पूर्ण मिळतील. पण प्राध्यापक म्हणून तो साठीला निवृत्त होतो. मूळ जागेवरचं लीन, म्हणजे परत यायचा हक्क, तिथंच संपतं. "पाच वर्षांनी लॅबमध्ये परत येईन" असं तो म्हणतो तेव्हा परत यायला जागाच उरलेली नसते. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे आता जे दोघं आहेत तेच शेवटचे. हे त्याला कागदावर मांडून दाखवायला हवं. आकडे दिसले की तो ऐकतो, एरवी नाही.

आता ते आठ ते दहा. व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, तिन्हींचा अध्यक्ष तोच. अधिसभेचे अध्यक्ष कुलपती, म्हणजे राज्यपाल, पण ते आले नाहीत की त्या खुर्चीतही हाच. संलग्नता, शिक्षक मान्यता, निवड समित्या, कोर्टातली प्रतिज्ञापत्रं, दारात बसलेल्या संघटना. हे सगळं एक वेळ निभेल रे. मला धास्ती आहे ती निकालांची. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लिहिलंय, शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल, काही झालं तरी ४५. आणि निकाल कुठं अडतो ते लॅबमधल्या माणसाला दिसत नाही. कॉलेजं प्राध्यापकांना कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासायला, सोडत नाहीत. अंतर्गत गुण शेवटच्या दिवसापर्यंत भरले जात नाहीत. पोराने उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांकाचा एक आकडा चुकवला की गुण दुसऱ्याच्या खात्यात आणि याचा निकाल राखीव. एका विषयाचा एक गठ्ठा परीक्षकाच्या कपाटात राहिला की अख्ख्या अभ्यासक्रमाचा निकाल थांबतो. मग छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, आणि तोवर पुढच्या प्रवेशाची मुदत संपलेली. पोरगं कुलगुरूंच्याच नावाने शंख करणार, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

मुंबई विद्यापीठाचं २०१७ आठव. परीक्षांचा हंगाम चालू असताना ऑनस्क्रीन तपासणीचा घाट घातला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, बारकोड जुळवायचे आणि सवय नसलेल्या प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या. निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तेही विज्ञानातलेच. नवी पद्धत आधी एका छोट्या परीक्षेवर चालवून बघायची, हे आपण लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगतो. खुर्चीत बसल्यावर तेवढी उसंत मिळत नाही, आणि म्हणूनच त्या खुर्चीला अख्खा माणूस लागतो.

भाऊ यावर राम ताकवले सरांचा दाखला देतो. देणारच, त्यांच्या-पुराणिकांच्या मेकॅनिक्सच्या पुस्तकावरच आपण तिघं तरलो. पण सर १९७८ ते ८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यानंतर १९८९ साली इथल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आज गोवर्धनला त्याच्या आवारात गेलं की सगळं उभं दिसतं. सुरुवात मात्र स्वयं-अध्ययनाची पुस्तकं लिहून घेणं आणि दुसऱ्यांच्या कॉलेजात अभ्यासकेंद्रं काढणं इथून होती. हे काम पार्टटाइम होत नाही. वसंत गोवारीकर सर १९९५ ला पुण्यात कुलगुरू झाले तेव्हा थुंब्याचं विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि दिल्लीतला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग दोन्ही चालवून आले होते. फाइल त्यांना नवी नव्हती. भाऊने आजवर चालवलाय तो एक कोटिंग युनिट, दोन फर्नेस आणि आपल्याला. (आपल्याला चालवणं सोपं नव्हतं, ते मान्य. व्हॅक्यूमच्या काचेच्या घंटेच्या, बेल जारच्या, गॅस्केटला ग्रीस लावायचं की नाही यावरून तुझं-माझं वाजलं होतं. माझं मत अजून तेच आहे. लावायचं नाही.)

त्या दोन पोरांचं काय, ही खरी टोचणी. एकीची फिल्म्सची मोजमापं अर्धवट आहेत. आठ ते दहा भाऊ येणार म्हणून ती सातला पंप चालू करणार. रोटरी पंपाने ओढून व्हॅक्यूम १०⁻² मिलीबारला आला की पुढच्या डिफ्यूजन पंपाचा हीटर, त्यातलं तेल तापायला अर्धा-पाऊण तास, मग कुठे १०⁻⁵. तेवढ्यात मंत्रालयातून फोन, भाऊ निघाला. घाईने बंद करताना हवा तापल्या तेलावर गेली की तेल जळतं, चेंबरभर पसरतं, मग आठवडाभर ॲसिटोन घेऊन घासत बसा. आधी हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद, मग हीटर बंद, आणि पाणी व रोटरी तेल निवेपर्यंत चालूच. बंद करायलाही चालू करण्याइतकाच वेळ द्यावा लागतो. लॅबचंही तेच.

म्हणून तू त्याला सांग. पदभार घ्यायच्या आधी दोघांनाही सहमार्गदर्शक मिळवून द्यायचा, तसा अर्ज संशोधन केंद्रातून पुढे पाठवायचा, त्यावर स्वतः सही करायची. प्रकल्पाचा मुख्य संशोधक बदलायचा असेल तर अनुदान देणाऱ्यांची लेखी परवानगी आधी, खर्च नंतर. डेड स्टॉक रजिस्टरावर, म्हणजे लॅबच्या सामानाच्या नोंदवहीवर, प्रत्येक वस्तू नवा माणूस मोजून घेईल, तोंडी नाही. पोरांचे प्रबंध तो रात्री वाचू शकतो, ते त्याने वाचावेत, तेवढं मार्गदर्शन पुष्कळ झालं. मी बोललो की त्याला वाटतं मी लॅबवरून त्याला हटवतोय. तुझं तो ऐकतो, नेहमीच ऐकत आला.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीची बारावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार. द्राक्षं निघाली की पेटी पाठवतो.

भाऊ एक तारखेला रुजू होतोय. साडेनऊनंतर फोन कर, त्याआधी तो उचलत नाही.

तुझा,
दादा

ता. क. अनुदान कसं खर्च झालं ते दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा १२-अ नमुना सोबत जोडलाय. शिल्लक रकमेवरचं व्याज वेगळं दाखवायला सांग, तिथेच सगळ्यांचे कागद परत येतात.