गाऱ्हाण्यात गोळीचीही आठवण व्हावी

महोदय,

लावणी तोंडावर आली की आमच्या सिंधुदुर्गात देवळात गाऱ्हाणं घालतात. 'गावावर रोगराई येऊ देऊ नको' म्हटलं की सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा!' मग चिखलात उतरायचं. त्या चिखलात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि भेगाळलेल्या टाचांतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचा, जंतू अंगात शिरतो. तो रोग टाळायला आशाताई डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळी घरपोच देतात. ती देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या पुडीशेजारी पडून राहते. ताप चढला की आधी कौल, मग दवाखाना (तोवर डोळे पिवळे!). कौल जरूर घ्या, पण रक्त त्याच दिवशी तपासा. मानकऱ्यांनी गाऱ्हाण्यातच गोळीची आठवण करून द्यावी. आरोग्य खात्याच्या फलकापेक्षा गाव त्यांचं ऐकतं.

– एक वाचक, कुडाळ