पार्किन्सन, पोट आणि पोटाच्या गोळ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पार्किन्सन (कंपवात) आणि आतडी यांच्या संबंधावरचा लेख वाचला. हा विषय मराठीत आणलात, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र ‘पार्किन्सनचे मूळ पोटातच’ हा मथळा आज माहीत असलेल्या गोष्टींच्या फार पुढे गेला आहे. शिवाय रुग्णाच्या घरी ज्याचा लगेच उपयोग होईल ते लेखात आलेच नाही. माझ्या यजमानांना बऱ्याच वर्षांपासून हा आजार आहे, म्हणून लिहिते.

जर्मन शरीररचनातज्ज्ञ हायको ब्राक यांनी 2003 मध्ये एक शक्यता मांडली. या आजारात मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या बिघडलेल्या गुठळ्या आधी आतड्याच्या मज्जातंतूंत तयार होत असाव्यात आणि पोट व मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेवाटे मेंदूकडे चढत असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. 2019 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांच्या पोटात हे बिघडलेले प्रथिन टोचले, तेव्हा बिघाड मेंदूपर्यंत पोहोचला. ज्या उंदरांची व्हेगस नस कापली होती, त्यांच्यात तो पोहोचला नाही. पूर्वी अल्सरसाठी माणसांचीही ही नस कापत असत. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये अशा जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा नसेचे मुख्य खोड कापलेल्यांत पार्किन्सन काहीसा कमी दिसला. पण त्यांच्यापैकीही काहींना तो झालाच. डेन्मार्कचे पेर बोर्गहामर तर म्हणतात, की काही रुग्णांत आजार शरीरातून मेंदूकडे जातो आणि काहींत मेंदूतच सुरू होतो. मग ‘पोटातच’ मधला ‘च’ कुठून आला?

लेखातला बद्धकोष्ठतेचा उल्लेख वाचून अनेकजण घाबरले असतील, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. हवाईमधल्या 6,790 पुरुषांना रोज शौचाला होते का, हे विचारून त्यांची प्रकृती 24 वर्षांपर्यंत पाहिली गेली. त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये आले. रोज शौचाला न होणाऱ्यांत पार्किन्सनचे प्रमाण दिवसातून एकदा होणाऱ्यांच्या अडीचपटीहून अधिक निघाले. आकडा मोठा वाटतो. पण एवढ्या काळात त्या सगळ्यांपैकी आजार झाला तो 96 जणांना. म्हणजे बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यापैकी अनेकांत मात्र ती कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून असते. पोट ‘साफ’ ठेवून आजार टळतो, असे या अभ्यासातून निघत नाही. तसा दावा करणारी चूर्णे विकणाऱ्यांना आयता मथळा मिळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या प्रयोगाबद्दलही लेखात फार उत्साह होता. 2024 मध्ये बेल्जियममधील गेंट येथे 46 रुग्णांवरील चाचणीत हालचालींत थोडी सुधारणा दिसली. त्याच वर्षी फिनलंडमधील चाचणीत फायदा दिसला नाही.

आता घरातले सांगते. आमच्या औषधांचा कणा म्हणजे लेव्होडोपा. ती शोषली जाते लहान आतड्यात. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांचे घटकही त्याच दारातून आत जातात, त्यामुळे जेवणाबरोबर घेतलेली गोळी मागे अडकते. या आजारात जठरही सावकाश रिकामे होते, मग गोळी तिथेच पडून राहते. घरचे म्हणतात, ‘गोळी लागू पडत नाही.’ डोस वाढवून मागण्याआधी गोळी जेवणापूर्वी किती वेळ घेतो आणि शौचाला किती दिवसांनी होते, हे डॉक्टरांना सांगायला हवे. लोक लाजेने सांगत नाहीत, आणि गर्दीच्या ओपीडीत कुणी विचारतही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट गॅस-ॲसिडिटीच्या गोळ्यांची. रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड घातलेली कॅप्सूल आपल्याकडे सर्रास दिली जाते. लेव्होसल्पिराइड डोपामीनचे, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचे, काम अडवते. पार्किन्सनमध्ये आधीच तुटवडा असतो तो डोपामीनचाच! उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचेही तसेच. यजमानांना पोट फुगते म्हणून अशी कॅप्सूल सुरू झाली आणि त्यांची चाल इतकी मंदावली, की आजार पुढच्या टप्प्यात गेला असे आम्ही धरून चाललो होतो. न्यूरॉलॉजिस्टनी चिठ्ठ्या एकत्र पाहिल्या आणि ती बंद केली. हळूहळू फरक पडला, पण मधल्या काळात ते दोनदा पडले, हे मी विसरू शकत नाही. ज्यांना पार्किन्सन नाही अशा ज्येष्ठांतही ही औषधे बरेच दिवस घेतल्याने कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा ओसरतो, कधी कधी त्याला महिने लागतात. अशा माणसाला पार्किन्सन झाल्याचे समजून आयुष्यभराची गोळी सुरू होणे किती वाईट! पोट आणि पार्किन्सन यांचा हा संबंध सिद्ध व्हायचा राहिलेला नाही, तो औषधाच्या पाकिटावर छापलेल्या नावात आहे. मनाने गोळी बंद करू नये, पण चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना जरूर विचारावे.

11 एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन असतो. त्या दिवशीच्या अंकात लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड ही दोन नावे ठळक चौकटीत छापावीत, आणि लेव्होडोपा व जेवणाच्या वेळांबद्दल एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून चार ओळी लिहून घ्याव्यात, अशी आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
एक शुभंकर (रुग्णाची काळजी घेणारी), सातारा